सातला कुलूप लागणाऱ्या ऑफिसचा बॅकअप : लिनक्स मशिन्ससाठी बॅकअपपीसी कसं लावायचं

रावेर-सावदा पट्ट्यात केळीची कटाई जोरात असली की ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कोणी हात लावू देत नाही. सकाळपासून काट्यावरच्या वजनाच्या चिठ्ठ्या येत राहतात, दुपारी पावत्या होतात, संध्याकाळी गाडीभाडं आणि शेतकऱ्यांची खाती. अशाच एका मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना, मी सांभाळतो त्या एका ऑफिसातल्या हिशेबाच्या मशिनची हार्ड डिस्क गेली. मालक अण्णा शांत होते. म्हणाले, "भाऊ, पेनड्राइव्हमधी हाये ना सगळं?" पेनड्राइव्ह होता, पण त्यातली शेवटची कॉपी तेवीस दिवसांपूर्वीची निघाली. कॉपी करणारा पोरगा लग्नाला गेला होता आणि आल्यावर विसरला. पुढचे चार दिवस तिघांनी बसून पावतीपुस्तकाच्या कार्बन कॉप्यांवरून नोंदी परत भरल्या.

त्यानंतर मी तिथे बॅकअपपीसी बसवलं, म्हणजे नेटवर्कवरच्या मशिन्सचा आपोआप बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर. आता तीन-चार ठिकाणी हीच मांडणी चालू आहे, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितोय. लिनक्सवर फाइल कॉपी करणं, टर्मिनल उघडणं आणि 'सूडो' म्हणजे काय एवढं येत असेल तर पुरे. आज्ञा मी तोंडाने बोलतो तशाच इथे दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'वजा' म्हटलं की आडवी रेघ.

हेच का?

लिनक्सवर बॅकअपची साधनं पोत्याने आहेत. बॅक्युला मोठ्या संस्थांचं काम आहे, छोट्या ऑफिसात ते लावणं म्हणजे दोन क्विंटल केळीसाठी दहा चाकी ट्रक बोलावणं. बोर्ग मला आवडतं आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तेच आहे. पण त्यात प्रत्येक मशिन आपला बॅकअप स्वतः ढकलतं. एखादं ढकलायचं थांबलं, तर ते कळायला त्या मशिनपाशी जावं लागतं.

बॅकअपपीसीची चाल उलटी आहे. एक मशिन सर्व्हर म्हणून बसतं आणि तेच बाकीच्यांच्या दारात जाऊन माल उचलतं, डेअरीची गाडी घरोघरचं दूध गोळा करते तसं. बाकीच्या मशिन्सवर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एसएसएच (दुरून मशिनवर शिरायची सुरक्षित वाट) आणि आरसिंक (फाइली कॉपी करणारी आज्ञा) असलं की झालं. सर्व्हरची किल्लीही त्यांच्याकडे नसते. एखाद्या मशिनमध्ये व्हायरस शिरला, तरी तिथून बॅकअपच्या डिस्कपर्यंत जायला त्याला रस्ता नाही.

क्रेग बॅरट यांनी पर्ल भाषेत लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २००१पासून चालू आहे. २०१७ला त्याची चौथी आवृत्ती आली आणि आतली साठवण बरीच बदलली. डेबियन १२ आणि उबुंटू २२.०४मध्ये चौथीच मिळते. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत तिसऱ्या आवृत्तीची सेटिंग्ज असतात, ती तशीच उतरवू नका.

एक उणीव आधीच सांगतो. बॅकअपपीसी पूर्ण फाइलच्या पातळीवर तुलना करतं. एकच पीडीएफ तीन मशिन्सवर असली तरी डिस्कवर ती एकदाच ठेवली जाते, हे चांगलं. पण पाच जीबीच्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं, तर ती पाच जीबीची फाइल नव्याने साठवली जाते. व्हर्च्युअल मशिनच्या डिस्क किंवा लांबलचक व्हिडिओ सांभाळायचे असतील तर बोर्ग घ्या.

सर्व्हरची जागा आणि डिस्क

जुना डेस्कटॉप चालतो. माझा आठ वर्षांचा आहे, त्यात चार जीबी रॅम. डिस्क मात्र नवी घ्या. बॅकअप घ्यायच्या सगळ्या डेटाची बेरीज करा आणि तिच्या किमान तिप्पट जागा ठेवा. जुन्या मशिनचा बटण-सेल आधी बदला, कारण तो मेलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात जातं आणि वेळापत्रकाचा बोजवारा उडतो.

मशिन पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. काट्याजवळ नको, धूळ असते. देव्हाऱ्याखाली तर अजिबात नको. मी एका ठिकाणी उदबत्तीची राख पंख्यात गेलेली पाहिली आहे.

सर्व्हर वायरनेच जोडा. स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात, म्हणजे ४० जीबीच्या पहिल्या बॅकअपला निदान तासभर लागणार. गिगाबिटचा स्विच आता फार महाग राहिलेला नाही.

राउटरमध्ये जाऊन प्रत्येक मशिनचा आयपी पत्ता कायमचा बांधून घ्या. मग सर्व्हरवरच्या '/ईटीसी/होस्ट्स' या फाइलीत पत्ता आणि नाव लिहा. मी नावं कामावरून ठेवतो : हिशेब, काटा, पावती. अर्थात रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता.

आता नवी डिस्क. बॅकअपपीसी आपला सगळा साठा '/व्हार/लिब/बॅकअपपीसी' इथे ठेवतं. म्हणून सॉफ्टवेअर टाकण्याआधीच डिस्क ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट करून त्या फोल्डरवर माउंट करा आणि 'एफएसटॅब' फाइलीत तिची नोंद यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, करा. क्रम चुकला तर साठा सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर साचत जातो आणि एके दिवशी मशिन सुरूच होत नाही. 'एसडीबी' असं नाव लिहून भागत नाही, दुसरी डिस्क लावली की ते नाव बदलू शकतं.

सॉफ्टवेअर टाकणं

सर्व्हरवर टर्मिनल उघडून 'सूडो एपीटी अपडेट', मग 'सूडो एपीटी इन्स्टॉल बॅकअपपीसी'. मध्ये वेब सर्व्हर विचारतो, तिथे अपाची निवडा. शेवटी पडद्यावर एक पासवर्ड दिसतो, 'बॅकअपपीसी' नावाच्या वापरकर्त्याचा. घाईत एंटर दाबून तो गेला तर घाबरू नका : 'सूडो एचटीपासडब्ल्यूडी', पुढे '/ईटीसी/बॅकअपपीसी/एचटीपासडब्ल्यूडी' हा फाइलीचा पत्ता, त्यापुढे वापरकर्त्याचं नाव 'बॅकअपपीसी'. नवा पासवर्ड मागेल.

मग सर्व्हरवरच्याच ब्राउझरमध्ये त्याचा आयपी आणि पुढे '/बॅकअपपीसी' टाका. पान उघडलं की अर्धं काम झालं. नमुना म्हणून 'लोकलहोस्ट' हे एक मशिन आधीच लावलेलं असतं, ते राहू द्या. हे पान फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं ठेवा, राउटरमधून बाहेर उघडू नका.

बाकीच्या मशिन्सची तयारी

हिशेबाच्या मशिनपासून सुरुवात करा. ते एक नीट चाललं की बाकीची दहा-दहा मिनिटांत होतात.

त्या मशिनवर 'सूडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर आरसिंक'. मग 'सूडो ॲडयूजर राखण'. हा वापरकर्ता फक्त बॅकअपपुरता. मळ्यात राखणदार असतो तसा : पाहील सगळं, तोडणार काही नाही. पासवर्ड कोणताही द्या, थोड्या वेळाने तो बंदच करायचा आहे.

राखणला सगळ्यांच्या फाइली वाचता याव्यात म्हणून 'सूडो विसूडो वजा एफ /ईटीसी/सूडोअर्स.डी/राखण' अशी वेगळी फाइल उघडा. त्यात एकच ओळ येते : राखण, एक जागा, मोठ्या अक्षरांत 'ऑल', बरोबरचं चिन्ह, मोठ्या अक्षरांत 'नोपासडब्ल्यूडी', विसर्गासारखे दोन टिंब, जागा, '/यूएसआर/बिन/आरसिंक', जागा, दोनदा वजा लावून 'सर्व्हर', जागा, दोनदा वजा लावून 'सेंडर', जागा, तारा. 'नोपासडब्ल्यूडी'मध्ये पासवर्ड या शब्दातले ओ आणि आर नसतात. नवशिक्यांची पहिली चूक हमखास तिथेच होते. या ओळीचा अर्थ असा, की राखण पासवर्ड न देता फक्त आरसिंक चालवू शकतो आणि तेही फाइली पाठवण्याच्या बाजूनेच. त्याच्या हातून या मशिनवर काही लिहिलं जाणार नाही. हे पुढे फाइल परत आणताना आठवावं लागेल.

आता सर्व्हरवर परत या. एसएसएचची किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, 'बॅकअपपीसी' या वापरकर्त्याच्या नावाने बनवायची : 'सूडो वजा मोठा एच वजा यू बॅकअपपीसी एसएसएच-कीजेन'. पासफ्रेज विचारेल, ती रिकामी सोडा, कारण बॅकअपच्या वेळी ती टाइप करायला तिथे कोणी बसलेलं नसेल. मग याच सुरुवातीने ('सूडो'पासून 'यू बॅकअपपीसी'पर्यंत) 'एसएसएच-कॉपी-आयडी राखण ॲट हिशेब'. मघाचा पासवर्ड एकदा द्या. पुढे चाचणी : त्याच सुरुवातीने 'एसएसएच वजा एल राखण हिशेब हूॲमआय'. उत्तर म्हणून पडद्यावर फक्त 'राखण' यायला हवं, आगेमागे काही नको. एका पोराने हौसेने 'बॅशआरसी' फाइलीत 'जय खान्देश' छापायची ओळ टाकली होती. आरसिंक त्या दोन शब्दांनाच डेटा समजलं आणि बॅकअप पडला. अभिमान मनात असू द्यावा.

सगळं जमलं की हिशेबाच्या मशिनवर 'सूडो पासडब्ल्यूडी वजा एल राखण' करून पासवर्ड बंद करा. किल्ली चालत राहते.

ब्राउझरमधलं काम

डावीकडे 'एडिट होस्ट्स'मध्ये जाऊन 'हिशेब' हे नाव घाला, वापरकर्ता 'बॅकअपपीसी' ठेवा आणि सेव्ह करा. मग त्या होस्टच्या (म्हणजे मशिनच्या) 'एडिट कॉन्फिग'मध्ये 'एक्सफर' हा टॅब उघडा. इथे चार गोष्टी बदलायच्या.

पद्धत 'आरसिंक' निवडा. शेअरच्या, म्हणजे उचलायच्या फोल्डरच्या, नावात मुळात नुसती तिरकी रेघ असते, म्हणजे अख्खं मशिन. मला ते पटत नाही. सिस्टिम परत टाकायला अर्धा तास लागतो, ती साठवून काय करायचं? '/होम' आणि '/ईटीसी' एवढे दोन शेअर लिहा. डेटाची वेगळी डिस्क असेल तर तिचा पत्ता स्वतंत्र शेअर म्हणून द्या, कारण आरसिंक इथे एका फाइलसिस्टिमची वेस ओलांडत नाही. 'आरसिंक क्लायंट पाथ'मध्ये मूळ पत्त्याआधी 'सूडो' आणि एक जागा लिहा. शेवटी 'आरसिंक एसएसएच आर्ग्ज'मध्ये 'रूट'च्या जागी 'राखण'.

वगळायच्या यादीत कचरापेटी, 'डॉट कॅश' आणि डाउनलोड्स टाका. डाउनलोड्सवरून भांडण होतं, कारण काही जणांचं सगळं कामच तिथे असतं. विचारून टाका.

होस्टच्या पानावर 'स्टार्ट फुल बॅकअप' दाबा आणि चहा घेऊन या.

वेळापत्रक, म्हणजे खरी मेख

बॅकअप रात्री दोनला लावा, असं बहुतेक लेख सांगतात. रात्री सगळी मशिन्स चालू असतात असं ते गृहीत धरतात. आमच्याकडे सातला शटर पडतं आणि मेन स्विच बंद होतो, सर्व्हरसकट. शॉर्टसर्किटची भीती आहे, मालकाचं म्हणणं खोटं नाही. म्हणजे बॅकअप दिवसाच घ्यावा लागतो, आणि बॅकअपपीसीची मुळातली सेटिंग्ज नेमकी याच्या विरुद्ध आहेत.

माझं असं झालं. पहिल्या दिवशी बॅकअप नीट झाला, मी निर्धास्त झालो. पंधरवड्याने सहज पान उघडलं, तर बॅकअप फक्त शनिवारचे. सोमवार ते शुक्रवार शुकशुकाट आणि चूक म्हणून कुठेच काही नोंद नाही. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. सर्व्हर ठरलेल्या तासाला जागा होतो आणि प्रत्येक मशिनला हाक मारतो. लागोपाठ सात वेळा ओ आली, की हे मशिन कायम चालू असतं असं तो धरतो. मग लोकांच्या कामात अडथळा नको म्हणून सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते संध्याकाळी ७:३० त्याला हात लावत नाही. याला ब्लॅकआउट म्हणतात. सर्व्हर रात्री चालू असता, तर मशिन्स बंद असल्याचं त्याला दिसलं असतं आणि त्याने ही समजूत सोडून दिली असती. पण आमचा सर्व्हर त्यांच्याबरोबरच झोपतो, त्याला रात्र माहीतच नाही.

उपाय सोपा आहे. मुख्य 'एडिट कॉन्फिग'मधल्या 'शेड्यूल' टॅबमध्ये ब्लॅकआउटची वेळ आपल्या गर्दीप्रमाणे लिहा. मी १० ते १२.५ ठेवली आहे, आठवड्याचे वार ० ते ६. इथे रविवार म्हणजे ०, आणि १२.५ म्हणजे साडेबारा. एकला सगळे जेवायला उठतात, बॅकअप तेव्हा सुरू होतो. सुरुवातीचा एखादा दिवस सकाळीच सुरू होईल, तेवढं सोसा.

त्याच टॅबमध्ये रोजच्या बॅकअपचं अंतर ०.९७ दिवस असतं, म्हणजे साधारण सव्वातेवीस तास. वीज गेल्यामुळे एके दिवशी बॅकअप तीनला झाला, तर दुसऱ्या दिवशीही तीनलाच होतो आणि वेळ पुढे सरकत राहते. मी ते ०.८ केलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा एकची गाडी पकडता येते. आठवड्याच्या पूर्ण बॅकअपचं ६.९७ तसंच राहू द्या. पोळ्याला ऑफिस बंद राहिलं, तरी दुसऱ्या दिवशी राहिलेला बॅकअप आपोआप घेतला जातो.

अजून एक आकडा बदला, तो सहसा कोणी सांगत नाही. 'सर्व्हर' टॅबमध्ये 'वेकअप शेड्यूल' नावाची तासांची यादी आहे. यादीतला पहिला तास साफसफाईचा असतो. जुने, कोणालाच न लागणारे तुकडे त्या वेळी डिस्कवरून काढले जातात. मुळात तिथे १ आहे, म्हणजे रात्रीचा एक. तेव्हा आमचा सर्व्हर बंद, म्हणजे झाडू कधीच फिरत नाही. डिस्क ९५ टक्के भरली की नवे बॅकअप थांबतात. माझी यादी १७ने सुरू होते, पुढे १०, ११, १२, १३ आणि असंच.

किती जुने बॅकअप ठेवायचे? पूर्ण बॅकअपच्या संख्येत मी ४, ०, १२ असे तीन आकडे लिहितो. याचा अर्थ दर आठवड्याचे ४, दोन आठवड्यांच्या अंतराचे एकही नाही आणि चार आठवड्यांच्या अंतराचे १२. बेरीज ५२ आठवडे. एप्रिलमध्ये बिघडलेली फाइल मार्चअखेरीला ताळेबंद करताना सापडते, म्हणून वर्ष हवंच.

डेटाबेस आणि वीज

हिशेबाचं सॉफ्टवेअर मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलवर चालत असेल, तर चालू डेटाबेसच्या फाइली उचलून उपयोग नाही. अर्धं वाक्य लिहून झालेलं असताना वहीचा फोटो काढल्यासारखं होतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) पाऊण वाजता 'मायएसक्यूएलडंप' ही डेटाबेसची पूर्ण नक्कल काढणारी आज्ञा लावा, 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय घालून, आणि ती फाइल '/होम'च्या आत पडू द्या. एकला बॅकअप ती उचलतो. झिप करू नका, दाबून ठेवायचं काम सर्व्हर स्वतः करतो. विंडोजवरचं मशिन असेल तर तेही एसएमबीने जोडता येतं, पण ती वेगळी कहाणी आहे.

विजेसाठी सर्व्हरला छोटा यूपीएस लावा आणि बायोसमध्ये वीज आल्यावर मशिन आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा. ही सेटिंग नसली तर दुपारी वीज जाऊन येते आणि सर्व्हर दिवसभर निपचित पडून असतो, कोणाला पत्ता नसतो. पूर्ण बॅकअप मध्येच तुटला तर जेवढा झाला तेवढा अर्धवट म्हणून राहतो आणि पुढच्या वेळी तिथून काम पुढे जातं.

परत आणून पाहा

पहिल्या आठवड्यातच एक फाइल परत आणा. मुद्दाम मराठी नावाची घ्या. होस्टच्या पानावर 'ब्राउझ बॅकअप्स', तारीख निवडा, फाइलीपुढे खूण करा, 'रिस्टोर'. तीन पर्याय येतात : थेट मूळ जागी, झिप किंवा टार. थेट पर्याय आपल्याकडे चालणार नाही, कारण राखणला आपण लिहायची परवानगीच दिलेली नाही. झिप उतरवून घ्या, उघडा, नाव नीट दिसतं का पाहा, आतले आकडे कागदाच्या पावतीशी ताडून पाहा. डेटाबेसचा डंप असेल तर तो दुसऱ्या मशिनवर खरंच चढवून बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डंपची फाइल शून्य आकाराची होती. क्रॉनमधल्या ओळीत पासवर्ड चुकला होता आणि ती रिकामी फाइल दहा दिवस इमाने इतबारे साठवली जात होती.

सोमवारी सकाळी एकदा 'होस्ट समरी' उघडायची. प्रत्येक मशिनपुढे शेवटच्या बॅकअपला किती दिवस झाले ते लिहिलेलं असतं. आकडा दोनच्या वर दिसला की कारण शोधायचं. हे काम मी त्या लग्नाला गेलेल्या पोरालाच दिलं आहे, आणि आता तो मला फोन करून सांगतो.

आग लागली किंवा चोरी झाली तर सर्व्हरही मशिन्सबरोबरच जाणार. म्हणून दोन बाहेरच्या यूएसबी डिस्क घ्या आणि त्या क्रिप्टसेटअपने (डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन) कुलूपबंद करा. आठवड्यातून एकदा बॅकअपपीसीची सेवा थांबवून '/व्हार/लिब/बॅकअपपीसी' आणि '/ईटीसी/बॅकअपपीसी' हे दोन्ही फोल्डर एकीवर आरसिंकने उतरवा, मग सेवा परत सुरू करा. कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा, पण डिस्कसोबत ठेवू नका. एक डिस्क ऑफिसात, दुसरी दुसऱ्या गावी. आमच्याकडे ही अदलाबदल बाजाराच्या दिवशी होते, कारण त्या दिवशी अण्णा स्वतः मळ्यातून गाडी घेऊन येतात. जुनी डिस्क रुमालात गुंडाळून आणतात, नवी घेऊन जातात आणि धान्याच्या कोठीशेजारच्या कपाटात ठेवतात.